आगुंबेला पहिल्यांदा जाताय? आधी महिना ठरवा, मग बॅग भरा

आगुंबेचं नाव काढलं की लोकं दोनच गोष्टी विचारतात, पाऊस किती पडतो आणि धबधबे कुठले बघायचे. मेख अशी आहे की पाऊस जोरात असतो तेव्हा धबधब्यांच्या वाटा बऱ्याचदा बंद असतात आणि वाटा उघडतात तोवर पाऊस निघून गेलेला असतो. त्यामुळे "दोन दिवसात सगळं कव्हर करू" हा प्लॅन इथे चालत नाही. आधी आपल्याला नक्की काय हवंय ते ठरवा, त्यावरून महिना ठरेल आणि महिन्यावरून कपडे, गाडी, मुक्काम सगळंच ठरेल.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आगुंबे हे कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात, तीर्थहळ्ळी तालुक्यात, घाटमाथ्याच्या अगदी काठावरचं लहानसं गाव आहे. उंची साधारण साडेसहाशे मीटर, म्हणजे हिल स्टेशन म्हणून फार नाही, उटीसारखी थंडी वगैरे अपेक्षा ठेवू नका. पण खाली किनारपट्टी आणि मधे सह्याद्रीची एकदम उभी भिंत, त्यामुळे समुद्रावरून येणारे ढग इथेच अडतात आणि इथेच रिकामे होतात. वर्षाची सरासरी ७,००० मिमीच्या वर आहे. आंबोलीचा जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना अंदाज येईल, बाकीच्यांनी मुंबईच्या अख्ख्या पावसाळ्याची साधारण तिप्पट धरा. दक्षिणेचं चेरापुंजी म्हणतात ते यामुळेच, आणि तरी अलीकडे कुठल्या कुठल्या वर्षी त्याच जिल्ह्यातलं हुलिकल पुढे निघून जातं, पण त्या वादात आपण नको पडूया.

महिना ठरवणं

जून ते सप्टेंबर म्हणजे पाऊस, धुकं, बेडूक, जळवा आणि ओले मोजे. फक्त पाऊस बघायचा असेल, पडवीत बसून कॉफी प्यायची असेल, फार फिरायची हौस नसेल तर जुलै-ऑगस्टला खुशाल जा. सनसेट पॉइंटवर सनसेट सोडा, समोरचा माणूस दिसणार नाही. आणि या महिन्यांत दरड पडून घाट बंद होणं किंवा जिल्हा प्रशासनाने अवजड वाहनांना बंदी घालणं हे अधूनमधून होतंच, तेव्हा परतीचं तिकीट एकदम टाइट काढू नका, मधे एक दिवस मोकळा सोडा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर, माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हाच काळ. पाऊस ओसरलेला असतो पण धबधब्यांना पाणी असतं, जंगल हिरवंगार असतं, वाटा उघडायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असते, सकाळी बऱ्यापैकी गारठा, आणि संध्याकाळी नशीब असेल तर सनसेट पॉइंटवरून लांब अरबी समुद्राची चकाकती पट्टी दिसते.

फेब्रुवारी ते मे कोरडा काळ. धबधबे बारीक होतात, पण सापांच्या अभ्यासकांची खरी धावपळ याच दिवसांत असते. आणि या काळात एक गोष्ट आहे जी ट्रॅव्हलवाले कोणी सांगत नाहीत, ती खाली सविस्तर लिहितो, तो भाग सोडून देऊ नका.

पोचायचं कसं

मुंबईहून सगळ्यात सोपं म्हणजे कोकण रेल्वे. मत्स्यगंधा एलटीटीहून दुपारी निघते आणि पहाटे-सकाळी उडुपीला सोडते. उडुपी स्टेशन गावापासून थोडं बाहेर आहे, रिक्षाने बसस्टँड गाठायचा, तिथे नाश्ता उरकून घ्या (उडुपीत नाश्ता कुठे करायचा हे सांगायची गरज नाही, कुठेही शिरा). तिथून आगुंबे साधारण ५५ किमी. हेब्री, मग सोमेश्वर, आणि सोमेश्वर संपलं की घाट सुरू. चौदा हेअरपिन वळणं आहेत आणि ती इतकी आवळलेली आहेत की या मार्गावर मिनीबसच धावतात. मोठी सुटकेस घेऊन गेलात तर ती तुमच्या मांडीवर येणार हे नक्की, म्हणून सॅकच बरी. बसवरच्या पाट्या बहुतेक कन्नडमधेच असतात, कंडक्टरला नुसतं "आगुंबे?" विचारलं तरी पुरतं, आणि वर चढताना डाव्या-उजव्या सीटची घासाघीस करू नका कारण वळणावळणाला दरी बाजू बदलते.

कोल्हापूर-बेळगावकडून येणाऱ्यांनी हुबळीवरून शिवमोग्गा गाठायचं आणि तिथून तीर्थहळ्ळीमार्गे आगुंबे. हा रस्ता लांबचा असला तरी मस्त आहे, तुंगेच्या कडेकडेने जातो, वाटेत सक्रेबैलूचा हत्ती कॅम्प लागतो, तिथे सकाळी हत्तींची अंघोळ चालते तेव्हा पोचलात तर पोरं खुश. पुण्यावरून गाडीने एका दमात येणारे लोक आहेत पण मी सांगणार नाही, शेवटचा टप्पा अंधारात आणि धुक्यात करावा लागतो आणि नेमका तिथेच रस्ता नवखा.

स्वतःची गाडी असेल तर घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, प्रत्येक वळणाला हॉर्न, उतरताना दुसरा गिअर, आणि धुक्यात हाय बीम लावायचा नाही कारण पांढरी भिंत तयार होते. वळणांवर माकडं बसलेली असतात, त्यांना वेफर्स-बिस्किटं टाकू नका. खायला मिळतं म्हणून ती रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात. या पट्ट्यात सिंहपुच्छ वानर पण आहे, काळं अंग आणि तोंडाभोवती राखाडी आयाळ, जगात फक्त आपल्या पश्चिम घाटात सापडतं आणि महाराष्ट्रात नाहीच. ते दिसलं तर गाडी वळणावर न थांबवता पुढे नीट जागा बघून थांबवा. घाट बंद असेल तर शृंगेरी-कारकळ बाजूने उतरता येतं, वेळ जास्त जातो.

राहायचं कुठे आणि कसं

आगुंबे गाव म्हणजे एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूला कौलारू घरं, थोडी दुकानं, एक-दोन खानावळी, चेकपोस्ट. बस्स. ज्यांना दूरदर्शनवरची मालगुडी डेज आठवतेय त्यांना गल्ली ओळखीची वाटेल, दिग्दर्शक शंकर नागने बरंचसं शूटिंग इथेच केलं होतं आणि त्यातलं मोठं वाड्यासारखं घर, दोड्ड मने, अजून उभं आहे. पण ते कोणाचं तरी राहतं घर आहे, म्युझियम नाही. दारातून सरळ आत घुसून रील काढणारे लोक बघितले की लाज वाटते. आधी विचारा, चपला बाहेर काढा, मग आत या.

बाकी मुक्काम होमस्टेमधेच करावा असं मी म्हणेन, गावात किंवा आजूबाजूच्या सुपारीच्या बागांमधे. बुकिंग करताना फोनवर या गोष्टी विचारून घ्या: मेन रोडपासून किती आत आहे, पावसात आपली गाडी तिथवर जाते का की त्यांची जीप घ्यावी लागते, जेवण धरून रेट आहे का, आणि गरम पाणी. गरम पाणी बहुतेक ठिकाणी मिळतंच, मलनाडात, म्हणजे कर्नाटकातल्या या घाटमाथ्याच्या पट्ट्यात, न्हाणीघरातला तांब्याचा हंडा आणि त्याखालचं चुलाण अजून बऱ्याच घरांत आहे आणि पावसात भिजून आल्यावर त्या पाण्याची सर कुठल्याच गीझरला नाही.

बरीच घरं ब्राह्मणांची आहेत, पूर्ण शाकाहारी, काही ठिकाणी कांदा-लसूण पण नाही, आणि दारू तर अजिबात नाही. तुम्हाला ते जमणार नसेल तर काही हरकत नाही, दुसरं ठिकाण बघा, पण तिथे जाऊन लपून बाटल्या उघडायच्या आणि सकाळी बागेत फेकायच्या हे करू नका यार.

जेवणाबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. सकाळी नीर डोसा (तांदळाचा पातळ, मऊ डोसा) किंवा कडुबू (तांदळाचे उकडलेले गोळे), सोबत खोबऱ्याची चटणी. दुपारी भात, सांबार किंवा त्याच्याच जातीची आंबट हुळी, आणि तंबुळी, म्हणजे कुठलातरी रानपाला किंवा आलं वाटून ताकात कालवलेलं, थंडगार, भातावर घ्यायचं. पावसाळ्यात पत्रोडे करतात, अळूच्या पानाला तांदळाचं आंबट-तिखट वाटण लावून गुंडाळून उकडलेलं, आपल्या अळूवडीचं जवळचं नातेवाईक म्हणा. फणसाच्या दिवसात गेलात तर फणसाचे कडुबू सोडू नका. आणि अप्पेमिडीचं लोणचं, बोटाएवढ्या कोवळ्या आख्ख्या कैऱ्यांचं, ते ताटात दिसलं की पहिल्यांदा नुसतं वास घेऊन बघा. कॉफी सगळीकडे मिळते, पण कषाय मागा, धने-जिरे-मिरी वगैरे भाजून केलेली पूड दूध-गूळ घालून उकळतात, भिजलेल्या माणसाला तेच लागतं. रात्रीचं जेवण आठच्या आत होतं, नंतर गाव झोपतं. दहा वाजता मॅगी मिळेल का विचारू नका.

बॅगेत काय टाकायचं

जीन्स घरी ठेवा. एकदा भिजली की परत येईपर्यंत वाळत नाही. सिंथेटिक पँट, फुल बाह्यांचे टीशर्ट, जास्तीचे मोजे, आणि सगळं आतून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. छत्री आणि रेनकोट दोन्ही घ्या, गावात फिरताना छत्री आणि जंगलात रेनकोट. बूट स्वस्तातले रबरी चालतील, महागडे ट्रेकिंग शूज आत पाणी धरून ठेवतात. टॉर्च हवाच, पावसाळ्यात लाइट जाते ती पटकन येत नाही. पॉवर बँक. रोख पैसे उडुपीत किंवा तीर्थहळ्ळीतच काढून घ्या कारण रेंज गेली की यूपीआय पण गेलं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की फोन लागला नाही तर घाबरू नका.

जळवांसाठी काय? पावसाळ्यात त्या लागणारच, कितीही काहीही केलं तरी एखादी लागतेच, तेव्हा मनाची तयारी ठेवा. गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स मिळतात ते सगळ्यात उत्तम, नाहीतर पँट मोज्यांत खोचायची. लोकं तंबाखूचं पाणी, चुना, मीठ असलं काय काय लावतात. लागलीच तर ओढून काढू नका आणि काडीने चटका देऊ नका, बारीक तोंडाच्या बाजूला नख सरकवून सोडवायची. ती रक्त न गोठण्यासाठी काहीतरी सोडते म्हणून जखम बराच वेळ वाहत राहते, बघायला भयंकर वाटतं पण धोका काही नाही, साबणाने धुवा, दाबून धरा, झालं.

कोरड्या महिन्यांतली ती गोष्ट

शिवमोग्गा जिल्हा हे माकडतापाचं मूळ ठिकाण. १९५७ साली याच जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात क्यासनूर जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी. जंगलातल्या गोचिडींमुळे होतो, सीझन साधारण डिसेंबर ते मे. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून हाच ताप आलेला आहे, त्यामुळे तळकोकणातल्या लोकांना नवीन नाही. घाबरून ट्रिप रद्द करायची गरज नाही, पण या महिन्यांत जंगलात फुल पँट-फुल शर्ट, पालापाचोळ्यात बसायचं-लोळायचं नाही, उघड्या अंगाला कीटकरोधक लावायचं (सरकारी आरोग्य केंद्रं तिथल्या लोकांना डेपा तेल देतात), परत आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंग नीट तपासून अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ अजिबात जायचं नाही, होमस्टेवाल्यांना सांगायचं, ते आरोग्य खात्याला कळवतात. आणि परत आल्यावर आठवडाभरात जोरात ताप, डोकं-अंग ठणकणं असं काही झालं तर डॉक्टरला "मी शिवमोग्ग्याच्या जंगलात जाऊन आलो" हे पहिलं वाक्य सांगायचं, कारण मुंबई-पुण्यातला डॉक्टर डेंग्यू-मलेरियाच शोधत बसणार.

साप

आगुंबे म्हणजे नागराजाचं, किंग कोब्राचं गाव. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मधे इथे रेनफॉरेस्ट रिसर्च स्टेशन काढलं, नागराजांना रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांचा माग काढण्याचं काम इथूनच झालं. २०२४ मधे शास्त्रज्ञांनी किंग कोब्राच्या चार वेगळ्या प्रजाती असल्याचं मांडलं आणि पश्चिम घाटातल्याला कालिंगा हे नाव दिलं, इथली लोकं त्याला पूर्वीपासून काळिंग सर्पच म्हणतात. तो मुख्यत्वे दुसरे साप खातो, धामण वगैरे, आणि मादी पाला गोळा करून घरटं करते, असं करणारा दुसरा साप नाही. गावात त्याला मारत नाहीत. घरात आला तर सर्पमित्राला बोलावतात आणि तोवर लांबून हात जोडतात.

तुम्हाला तो दिसेल का? बहुतेक नाही. आणि रिसर्च स्टेशन हे काही सर्पोद्यान नाही, तिथे जायचं असेल तर आधी ईमेल करून विचारा. तुम्हाला जास्त करून दिसेल तो मलबार चापडा हा विषारी साप, पावसाळ्यात झुडपाच्या फांदीवर वेटोळं करून तासन् तास एका जागी, हिरवा, पिवळा, तपकिरी कुठल्याही रंगाचा. फोटोसाठी फांदी हलवणं, काडीने तोंड वळवणं हे प्रकार चालतात, ते करू नका आणि कोणी गाइड करत असेल तर त्याला थांबवा. एक गोष्ट लक्षात ठेवा की आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर बनवलेलं आहे, नागराज किंवा चापड्यावर नाही. मोठं हॉस्पिटल म्हणजे घाट उतरून मणिपाल. म्हणून रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडायचं नाही, चिखलात चप्पल घालून हिंडायचं नाही, ओंडक्याखाली हात घालायचा नाही.

बघायचं काय

जोगीगुंडी धबधबा गावापासून जवळ, तीन-चार किमी, थोडी पायवाट, सगळ्यात सोपं. पाणी शांत दिसतं पण कुंड खोल आहे, पोहू नका. ओनके अब्बी धबधब्याची वाट जंगलातून. बरकणा हा सीता नदीचा धबधबा, सुमारे २६० मीटर, लांबून व्ह्यू पॉइंटवरून बघायचा, आणि हा सगळा भाग वनखात्याच्या ताब्यात. परवानगी चालू आहे का हे आगुंबेतल्या चेकपोस्टवर विचारल्याशिवाय निघायचंच नाही. "पैसे द्या, मागच्या वाटेने नेतो" म्हणणारा भेटला तरी नाही. मोठे ट्रेक, नरसिंह पर्वत वगैरे, आधी ऑनलाइन बुक करावे लागतात, वनखात्याची अरण्य विहार नावाची साइट आहे तिथे बघा. ड्रोन घरी ठेवा.

कुंदाद्री मला वैयक्तिक सगळ्यात आवडतं आणि तिथे गर्दी त्यामानाने कमी. आगुंबेपासून १७-१८ किमी, जंगलातून एकदम वर आलेला प्रचंड कातळ, माथ्यावर पार्श्वनाथांची जैन बसदी, म्हणजे मंदिर, आणि शेजारी पाण्याची कुंडं. जैन आचार्य कुंदकुंदांवरून नाव पडलं असं मानतात. रस्ता जवळजवळ वरपर्यंत जातो पण शेवटचा चढ उभा आहे, लहान गाडी पहिल्या गिअरमधे घ्या. सकाळी लवकर गेलात तर ढग पायाखाली.

तीर्थहळ्ळी बाजूला कवलेदुर्ग हा केळदी नायकांचा, म्हणजे या भागातल्या जुन्या राजघराण्याचा, किल्ला आहे, ज्यांना किल्ल्यांची आवड त्यांनी अर्धा दिवस द्यावा. केळदीची राणी चेन्नम्मा म्हणजे तीच, जिने १६८९ मधे जिंजीकडे निघालेल्या राजाराम महाराजांना आपल्या मुलुखातून वाट दिली आणि औरंगजेबाचा राग ओढवून घेतला. आपल्या लोकांनी तिथे जावंच. शृंगेरी साधारण २८ किमी, १४व्या शतकातलं विद्याशंकर मंदिर, तुंगेच्या घाटावरचे मोठाले मासे, आणि दुपारचा प्रसाद.

दोन रात्री कमीत कमी. पहिल्या दिवशी पोचून फक्त गावात फिरा आणि आभाळ मोकळं असेल तर संध्याकाळी सनसेट पॉइंट. दुसऱ्या दिवशी पहाटे कुंदाद्री, दुपारनंतर जोगीगुंडी. तिसऱ्या दिवशी शृंगेरी करून निघा. पाऊस असेल तर यातलं काहीही होणार नाही, तेव्हा पुस्तक बरोबर ठेवा.

बागेत आणि लोकांत वावरताना

सुपारी हे इथलं पोट आहे. पावसाळ्यात घडांना कुजणारा रोग लागतो, कोळे रोग म्हणतात, म्हणून मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारायला माणसं झाडावर चढलेली असतात, तेव्हा बागेत खालून फिरू नका. हिवाळ्यात तोडणी असते, सोलणं-उकडणं-वाळवणं रात्रंदिवस, अंगणभर सुपारी पसरलेली, तिच्यावरून चालू नका आणि त्या दिवसांत घरच्यांकडून फार सरबराईची अपेक्षा पण ठेवू नका. उलट बसून दोन सुपाऱ्या सोलायला मागा, गप्पा तिथेच होतात.

हिंदी थोडीफार चालते, कोंकणी येत असेल तर बऱ्याच ठिकाणी काम होतं. कन्नड एवढं पुरे: एष्टु म्हणजे किती, बेकु हवं, बेड नको, साकु पुरे, बिसि नीरु गरम पाणी. "साकु" पाठच करून जा, वाढणारी अक्का त्याशिवाय थांबत नाही. अण्णा, अक्का म्हणायला आपल्याला काही वेगळं शिकावं लागत नाहीच.

निघताना अप्पेमिडीचं लोणचं आणि मध होमस्टेवाल्यांकडूनच घ्या, रस्त्यावरच्या बाटल्यांचा भरवसा नाही. लोणच्याचं झाकण टेप लावून घट्ट करा, घाटात सांडतं. मत्स्यगंधाने परतणार असाल तर ती उडुपीला दुपारी उशिरा असते, नक्की वेळ ॲपवर बघा आणि सकाळचीच मिनीबस पकडा, शेवटच्या क्षणाची नाही. वेळ उरला तर उडुपीत जेवायला जागा काय कमी आहेत.